शेवटची जागा कुणाला? एआयच्या मदतीने कार्यक्रम-नोंदणीचं सॉफ्टवेअर बांधताना

नाव, ईमेल, फोन, ‘नोंदणी करा’ हे बटण आणि आयोजकासाठी एक यादी. एआयला एवढं सांगितलं की दुपारपर्यंत चालतं पान हातात येतं, आणि दाखवायला ते छानही दिसतं. नोंदणीच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा पुढे असते. एकच जागा उरली आहे आणि तिघांनी एकदम बटण दाबलं. खात्यातून पैसे गेले, पण पान मध्येच अडकलं. प्रवेशद्वाराशी दोघांनी एकच क्यूआर कोड दाखवला. अशा वेळी सॉफ्टवेअर काय करतं, यावर आयोजकाची लाज राहते किंवा जाते.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. कोड एआयला खुशाल लिहू द्या. पण जागा, पैसा आणि लोकांची माहिती या तीन बाबतींतले नियम तुम्ही लिहा, आणि ते पाळले जातात की नाही हे तपासणाऱ्या टेस्टही तुम्हीच ठरवा. थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्या, छोट्या किंवा मध्यम कार्यक्रमासाठी स्वतःची व्यवस्था उभी करू पाहणाऱ्या वाचकासाठी पुढचं सगळं लिहिलं आहे.

कोडच्या आधी नियमांचा कागद

एक साधी मजकुराची फाइल उघडा आणि तुमच्या कार्यक्रमाचे नियम रोजच्या भाषेत लिहा. क्षमता माणसांवर मोजायची की तिकिटांवर? तीन जागा उरल्या असताना चौघांच्या गटाने नोंदणी केली तर तिघांना घ्यायचं, की सगळा गट प्रतीक्षायादीत टाकायचा? कुणी रद्द केलं तर जागा आपोआप पुढच्याला मिळते का, आणि ती स्वीकारायला त्याला किती वेळ? नाव बदलून दुसऱ्याला पाठवता येतं का? पैसे कधीपर्यंत परत मिळतात?

मग नोंदणीच्या स्थिती ठरवा. माझ्या मते पाच पुरतात: राखीव, निश्चित, प्रतीक्षेत, रद्द, मुदत संपलेली. कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येतं, तेही लिहा. ‘रद्द’ झालेली नोंदणी थेट ‘निश्चित’ होऊ नये, तिने पुन्हा ‘राखीव’मधूनच यावं, अशा वाक्यांतून पुढचा निम्मा गोंधळ टळतो. हजेरी या पाचांत मिसळू नका. माणूस आला की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याचा रकाना वेगळा ठेवा.

एआयचा पहिला उपयोग इथेच करा, कोड न मागता. असं सांगता येईल: ‘हे नियम वाच. यात कुठे परस्परविरोध आहे, कुठली परिस्थिती सुटली आहे, ते प्रश्नांच्या रूपात विचार. माझी उत्तरं मिळेपर्यंत एकही ओळ कोड लिहू नकोस.’ प्रश्न चांगले येतात. उत्तरं त्याच फाइलमध्ये लिहीत जा. ही फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच राहू द्या. क्लॉड कोड, कर्सर, गिटहब कोपायलट यांसारखी कोड लिहिणारी एआय साधनं प्रकल्पातली सूचनांची फाइल दरवेळी वाचू शकतात. तिथे या नियमांचा उल्लेख केला की नव्या सत्रात सगळं पुन्हा समजावत बसावं लागत नाही.

पाया

साधनांच्या निवडीत फार वेळ घालवू नका. वेब अ‍ॅप बांधायच्या जँगो, लारावेल किंवा रेल्स या साधनांपैकी जे तुम्हाला वाचता येतं ते घ्या, डेटाबेस पोस्टग्रेस घ्या, आणि कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा. जुनी, रुळलेली साधनं निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. त्यांच्यावरचा मजकूर आणि कोड भरपूर असल्याने एआयकडून त्यांतलं काम अधिक भरवशाचं निघतं.

टेबलं मांडताना

कार्यक्रम, तिकीटप्रकार, नोंदणी, सहभागी, पेमेंट अशी पाच टेबलं लागतात. सहावं टेबल बदलांच्या नोंदींचं: कुणी, कधी, कोणती स्थिती बदलली. ते सुरुवातीला अनावश्यक वाटतं. ‘मी रद्द केलंच नव्हतं’ असा फोन आला की उत्तर तिथेच सापडतं.

नोंदणी करणारा आणि प्रत्यक्ष येणारा माणूस एकच असतो, असं एआय बहुधा गृहीत धरतं. मुलगी आईवडिलांची नोंदणी करते, कार्यालयातला एकजण दहा सहकाऱ्यांची करतो. म्हणून ‘नोंदणी’ आणि ‘सहभागी’ ही टेबलं वेगळी ठेवायला सांगा. एका ईमेलवर एकच सहभागी, असं बंधन घालू नका. घरात एकच ईमेल वापरणारे पुष्कळ असतात.

नावासाठी एकच रकाना पुरे. पहिलं नाव आणि आडनाव सक्तीने वेगळं मागितलं, की एकच नाव लावणाऱ्यांना तिथे टिंब टाकून पुढे जावं लागतं.

पैसे कधीही दशांशात साठवू नका. सगळ्यात लहान एककात, पूर्णांकात ठेवा आणि शेजारी चलनाचा कोड ठेवा. शंभराने गुणलं की झालं, असंही नाही. जपानी येनला व्यवहारात लहान एकक नाही आणि कुवेती दिनारला तीन दशांश स्थळं आहेत.

वेळेचं जरा नीट समजून घ्या. नोंदणी केव्हा झाली, पैसे केव्हा आले, या घडून गेलेल्या गोष्टी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा. कार्यक्रम पुढे व्हायचा असतो, म्हणून त्याची स्थानिक वेळ आणि आयएएनएच्या (जगभरच्या कालक्षेत्रांच्या प्रमाण) यादीतलं कालक्षेत्राचं नाव, दोन्ही साठवा. सरकारं उन्हाळी वेळेचे (घड्याळं पुढे-मागे करण्याचे) नियम मध्येच बदलतात. नुसती यूटीसी वेळ साठवली असेल, तर अशा बदलानंतर संध्याकाळी सहाचा कार्यक्रम यादीत पाचला दिसू लागतो.

शेवटची जागा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ‘क्षमता तपासून नोंदणी कर’ एवढंच सांगितलं, तर एआयकडून बहुधा असा कोड येतो: निश्चित नोंदण्या मोज, संख्या क्षमतेपेक्षा कमी असेल तर नवी ओळ घाल. वाचायला अगदी बरोबर. पण मोजणं आणि ओळ घालणं यांच्यामध्ये काही मिलिसेकंदांची फट असते. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दोघींना एकच जागा रिकामी दिसते आणि दोघींनाही ती मिळते. एकट्याने ब्राउझरमध्ये तपासताना हा दोष कधीच दिसत नाही. नोंदणी खुली होते त्या पहिल्या मिनिटाला तो उघड होतो.

‘मग ट्रान्झॅक्शनमध्ये टाक’ हे अर्धवट उत्तर आहे, आणि एआय ते आत्मविश्वासाने देतं. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांचा असा गट, जो एकतर पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनची मूळ पातळी ‘रीड कमिटेड’ असते, म्हणजे दुसऱ्यांचे फक्त पक्के झालेले बदल दिसतात. त्या पातळीवर दोन ट्रान्झॅक्शन समांतर मोजणी करू शकतात आणि दोन्ही यशस्वी होऊ शकतात. कुलूप लागतं. तिकीटप्रकाराची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने आधी अडवा. मग निश्चित नोंदण्या आणि मुदत न संपलेल्या राखीव नोंदण्या मिळून मोजा, जागा असेल तर राखीव ओळ घाला आणि ट्रान्झॅक्शन संपवा. दुसरी विनंती तोवर थांबते आणि तिला ताजी संख्या दिसते. जागांचा आकडा एकाच रकान्यात ठेवायचा असेल, तर ‘उरलेल्या जागा शून्याहून जास्त असतील तरच एक वजा कर’ हे एकाच अपडेट आदेशात बसवा आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य बदलल्या तर जागा संपल्या. राखीव जागांच्या मुदती सांभाळायच्या असतील तर मला पहिली रीत बरी वाटते, कारण खरा आकडा नेहमी नोंदींवरूनच निघतो.

कुलूप हातात असताना बाहेरच्या कुठल्याही सेवेला हाक मारू नका. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) उत्तराला दहा सेकंद लागले, तर मागची सगळी रांग दहा सेकंद खोळंबते. जागा राखीव करणं हा एक टप्पा, पैसे घेणं हा दुसरा.

राखीव जागेला मुदत द्या, समजा पंधरा मिनिटं. ती मुदत संपवण्याचं काम केवळ दर काही मिनिटांनी चालणाऱ्या पार्श्वभूमीतल्या कामावर सोडू नका. ते काम बंद पडलं तर जागा अडकून राहतात. मोजतानाच ‘मुदतीची वेळ आत्ताच्या वेळेपेक्षा पुढे आहे का’ हे पाहिलं की काम बंद असलं तरी हिशेब बरोबर राहतो.

आता टेस्ट. ही कोडच्या आधी लिहून घ्या: ‘दहा जागांच्या कार्यक्रमावर पन्नास विनंत्या एकाच वेळी सोड. शेवटी बरोबर दहा राखीव नोंदी असाव्यात, बाकी चाळीस जणांना जागा संपल्याचं स्पष्ट उत्तर मिळावं, आणि एकाही विनंतीत सर्व्हरचा दोष येऊ नये.’ ही टेस्ट खऱ्या पोस्टग्रेसवर चालवायला सांगा. सोय म्हणून एआय अनेकदा टेस्टसाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेतं. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे तिथे टेस्ट हिरवी (उत्तीर्ण) झाली तरी तुमच्या खऱ्या डेटाबेसबद्दल काही कळत नाही. एक खात्री अवश्य करा: कुलपाची ओळ मुद्दाम काढा आणि टेस्ट लाल (नापास) होते का ते पाहा. होत नसेल, तर ती टेस्ट काहीच तपासत नाही.

पैसे

कार्डाचा तपशील तुमच्या सर्व्हरवर येऊच देऊ नका. गेटवेचं स्वतःचं पेमेंट पान वापरा. रक्कम नेहमी तुमच्या डेटाबेसमधून काढा. फॉर्ममधून आलेली रक्कम कुणीही ब्राउझरमध्ये बदलू शकतो.

पैसे भरून माणूस ‘धन्यवाद’ पानावर परत आला, याचा अर्थ पैसे आले असा घेऊ नका. तो परत येण्याआधीच खिडकी बंद करू शकतो किंवा त्या पानाचा पत्ता हाताने टाइप करू शकतो. खरी खबर गेटवेकडून वेबहुकने, म्हणजे त्याने थेट तुमच्या सर्व्हरला आपोआप पाठवलेल्या निरोपाने येते. तो हाताळताना चार गोष्टी एआयला स्पष्ट शब्दांत सांगा. निरोपावरची गेटवेची डिजिटल सही तपास, आणि तीही मूळ मजकुरावर, जेसन (माहितीचा मजकुरी साचा) उलगडून पुन्हा बांधलेल्या मजकुरावर नको. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून निरोपाचा क्रमांक ‘एकमेव’ असं बंधन असलेल्या रकान्यात साठव. निरोप उलट्या क्रमाने येऊ शकतात, ते सोस. आणि उत्तर लगेच दे, जड काम नंतर कर.

राखीव मुदत संपल्यावर पैसे आले तर काय, याचं उत्तर नियमांच्या कागदावर असायलाच हवं. माझी पसंती अशी: जागा अजून असेल तर देऊन टाका, नसेल तर पैसे आपोआप परत करा आणि तसं लगेच कळवा. यासाठीही टेस्ट लिहा. शिवाय रोज एकदा गेटवेची यादी आणि तुमची यादी ताडून पाहणारं छोटं काम लावा. फरक निघाला तर दुसऱ्या दिवशी कळतो, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे.

एआयसोबत रोजचं काम

‘सगळं नोंदणी सॉफ्टवेअर बनव’ असं एकदम मागितलं की हजारो ओळी येतात आणि त्या कुणी वाचत नाही. एआय संशोधक अंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ (कोड न वाचता सगळं एआयवर सोपवणं) हा शब्द आणला, तेव्हा त्यांनीही ते शनिवार-रविवारच्या, फेकून देण्याजोग्या प्रकल्पांपुरतं ठीक म्हटलं होतं. लोकांचे पैसे घेणारी व्यवस्था त्यात बसत नाही.

एका वेळी एक वागणूक मागा. आधी योजना मागा, ती वाचा, मग कोड. बदललेल्या ओळी वाचल्याशिवाय कमिट (गिटमध्ये पक्की नोंद) करू नका. टेस्ट लाल असताना एआयने कोडऐवजी टेस्टच सौम्य केली नाही ना, हे दरवेळी पाहा. तसं होतं. टेस्टच्या फाइलींना परवानगीशिवाय हात लावू नये, ही ओळ सूचनांच्या फाइलमध्ये घाला. काम झालं की नवं, कोरं सत्र उघडा आणि त्याला म्हणा: ‘हा बदल दुसऱ्या कुणी केला आहे. एकाच वेळी दोन विनंत्या आल्या, वेबहुक दोनदा आला, मुदत मध्येच संपली, तर तो कुठे मोडेल ते शोध.’ ज्या सत्राने कोड लिहिला, ते आपल्याच गृहीतकांना चिकटून राहतं. नव्या नजरेला जास्त दिसतं.

एआयने सुचवलेलं प्रत्येक पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) बसवण्याआधी ते खरंच अस्तित्वात आहे का, कुणाचं आहे, अलीकडे सांभाळलं गेलं आहे का, ते बघा. मॉडेल कधीकधी नसलेल्या पॅकेजचं नाव देतं, आणि तशा नावांनी घातक कोड टाकून ठेवण्याचा मार्ग हल्लेखोरांना मोकळा असतो.

ईमेल

पुष्टीचा ईमेल नोंदणीच्या ट्रान्झॅक्शनच्या आत पाठवू नका. नोंद पक्की झाली की रांगेत टाका आणि तिथून पाठवा. डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (पत्र खरंच तुमच्याच डोमेनवरून आलं आहे हे पटवणाऱ्या व्यवस्था) नीट लावा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात पत्रं पाठवणाऱ्यांसाठी हे सक्तीचं केलं आहे. गूगलच्या व्याख्येत दिवसाला ५००० किंवा त्याहून अधिक पत्रं म्हणजे मोठं प्रमाण, पण छोट्या आयोजकाची पत्रंही याशिवाय स्पॅममध्ये जातात. ईमेल मिळेलच असं धरू नका. नोंदणीचा तपशील आणि क्यूआर कोड पानावरही दाखवा. सोबत कॅलेंडरची फाइल जोडत असाल तर कार्यक्रमाचा ओळख क्रमांक कायम तोच ठेवा आणि वेळ बदलली की क्रमवारीचा आकडा वाढवा, म्हणजे जुनी नोंद सुधारते, दुसरी उभी राहत नाही.

प्रवेशद्वारापाशी

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने आणला, कारखान्यातले सुटे भाग पटकन ओळखण्यासाठी. खराब झालेला भाग सावरण्याच्या त्याच्या चार पातळ्या आहेत: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. कोड बहुतेकदा फोनच्या पडद्यावर दाखवला जातो, म्हणून १५ टक्क्यांची पातळी पुरते. कागदावर छापणार असाल तर २५ची घ्या. कोडमध्ये नाव, ईमेल किंवा १०१, १०२ असे ओळीने येणारे क्रमांक घालू नका. लांब, यादृच्छिक खूण घाला. ओळीने येणारा क्रमांक असला की शेजारच्याच्या नोंदणीचा अंदाज कुणालाही करता येतो.

दोन दारांवर एकाच वेळी एकच कोड दाखवला तर पहिल्यालाच हिरवा दिवा मिळावा. इथेही शेवटच्या जागेचंच तंत्र: ‘हजेरीची वेळ रिकामी असेल तरच भर’ असा एकच अपडेट आदेश. दुसऱ्या स्कॅनला नुसतं ‘अवैध’ दाखवू नका. ‘हा कोड ५ वाजून ४२ मिनिटांनी दार क्रमांक २ वर वापरला गेला’ असं दाखवा, म्हणजे दारावरच्या स्वयंसेवकाला काय बोलायचं ते कळतं. नावाने शोधायची सोय हवीच. फोन बंद पडलेला माणूस रांगेत हमखास असतो.

लोकांची माहिती

वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब अ‍ॅप्लिकेशनमधला पहिल्या क्रमांकाचा धोका ‘मोडकं प्रवेश-नियंत्रण’ हा आहे. नोंदणीत तो असा दिसतो: पानाच्या वेब-पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याची नोंदणी उघडते. एआयला सांगा, ‘प्रत्येक पत्त्यासाठी दोन टेस्ट लिही: मालकाला दिसतं आणि परक्याला दिसत नाही.’ आयोजकांसाठीही हेच. एका कार्यक्रमाच्या आयोजकाला दुसऱ्याची यादी दिसता कामा नये.

यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलमध्ये उतरवण्याच्या सोयीत एक छुपा धोका असतो. कुणी नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर भरला, तर एक्सेल तो सूत्र म्हणून चालवू शकतं. बरोबर, अधिक, वजा आणि ॲट या चिन्हांनी सुरू होणारे मजकूर निष्प्रभ करून मगच फाइल द्या. त्याच फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची (अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी) खूण ठेवा, नाहीतर देवनागरी नावं एक्सेलमध्ये विचित्र अक्षरांत उघडतात.

दोष शोधण्यासाठी खऱ्या सहभागींची यादी एआयच्या खिडकीत चिकटवू नका. बनावट नावांची यादी तयार करून घ्या आणि तीच वापरा. जी माहिती लागत नाही ती विचारूच नका. जन्मतारीख मागण्याआधी तिचं काय करणार ते सांगता आलं पाहिजे. कार्यक्रमानंतर किती दिवसांनी काय पुसलं जाईल, तेही नियमांच्या कागदावर लिहा आणि त्याचं काम आपोआप चालू द्या.

आधीच चालू असलेलं सॉफ्टवेअर सुधारायचं असेल

पुष्कळांकडे काहीतरी चालू असतंच. ‘हे सगळं नव्याने लिही’ असं एआयला सांगण्याचा मोह आवरा. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या अटींमागे कधीतरी आलेली खरी अडचण असते. आधी फक्त वाचायला सांगा: नोंदणी कोणत्या फाइलींतून जाते, स्थिती कुठे कुठे बदलते. मग आजची वागणूक जशीच्या तशी पकडणाऱ्या टेस्ट लिहून घ्या. चुकीची वागणूक असली तरी ती आधी पकडा, मग ठरवून बदला. एका कमिटमध्ये एकच सुधारणा.

डेटाबेसमध्ये नवा सक्तीचा रकाना घालायचा तर तो टप्प्याटप्प्याने: आधी रिकामा चालेल असा घाला, मग जुन्या ओळींत भरा, शेवटी सक्ती लावा. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसरीकडे उतरवून उघडतो का ते पाहा.

फॉर्म सुधारताना लोक कुठल्या रकान्यापाशी सोडून जातात ते मोजा आणि तिथून सुरुवात करा. संकेतस्थळं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीतले दोन निकष नोंदणीला थेट लागू पडतात. एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा टाइप करायला लावू नये, आणि दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल असाव्यात. गटनोंदणीत प्रत्येकासाठी तोच पत्ता पुन्हा भरायला लावणारे फॉर्म पहिल्याच निकषावर अडतात. एआयला हे निकष सांगून फॉर्म तपासून घ्या, पण नंतर स्वतः माउस बाजूला ठेवून, फक्त कीबोर्डवर सगळी नोंदणी पूर्ण करून बघा. चूक दाखवली तेव्हा आधी भरलेलं सगळं टिकून राहतं का, हेही तेव्हाच कळतं.

खुली करण्याआधी

के६ किंवा लोकस्ट या साधनाने ताण-चाचणी घ्या. दिवसभराची सरासरी घेऊ नका, पहिल्या मिनिटाची गर्दी धरा. यादीचं पान प्रत्येक नोंदणीमागे डेटाबेसला वेगळी क्वेरी (विचारणा) करतं का, ते इथे लगेच दिसतं. मग थोड्या ओळखीच्या लोकांना खरी रक्कम भरून नोंदणी करायला लावा, त्यातल्या काहींना रद्द करायला सांगा, एकाला मध्येच पान बंद करायला सांगा, आणि प्रत्येकाचे पैसे व स्थिती ताडून पहा. नोंदणी खुली होते त्या दिवशी नवा कोड चढवू नका. नोंदणी तात्पुरती थांबवणारं एक बटण आयोजकाच्या पानावर ठेवा, आणि ते दाबल्यावर आधी राखीव झालेल्यांना पैसे भरता येतात ना, ते आदल्या दिवशी स्वतः दाबून पहा.